तर्रीचा तवंग आणि टाकीतले अदृश्य कामगार

नागपूर : तर्री-पोह्यांवरची लाल तर्री आणि सावजी रश्श्यावर तरंगणारा तेलाचा जाड थर ही या शहराच्या खाद्यसंस्कृतीची ओळख मानली जाते. मात्र ताट धुतल्यानंतर त्या तेलाचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे आजवर फारसे कोणी गांभीर्याने पाहिलेले नाही. हॉटेलची मोरी, तेथून गडर लाईन, पुढे नाला आणि अखेरीस नाग नदी किंवा शुद्धीकरण केंद्र असा या तेलाचा प्रवास असतो. चोक झालेले चेंबर उघडण्याची वेळ आली की तेवढ्यापुरती चर्चा होते आणि चेंबर मोकळे झाले की विषय संपतो.

आता हा विषय असा संपवता येणार नाही. सांडपाणी आणि ओला कचरा यांच्याकडे ओझे म्हणून न पाहता इंधनाचे व उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याचे धोरण देशभरात स्वीकारले जात आहे आणि नागपूर या बाबतीत आघाडीवर असल्याचे नेहमी सांगितले जाते. भांडेवाडी येथे रोज १३० दशलक्ष आणि २०० दशलक्ष लिटर क्षमतेची दोन सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. शुद्ध केलेले पाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रांना देण्याची येथील व्यवस्था अन्य शहरांना उदाहरण म्हणून दाखवली गेली. त्याच भांडेवाडीत नेदरलँड्समधील कंपनीच्या सहभागातून रोज १००० टन कचऱ्यावर प्रक्रिया करून बायोगॅस निर्माण करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'सतत' योजनेमुळे अशा गॅसला वाहनांचे इंधन म्हणून बाजारपेठही मिळाली.

या साऱ्या स्वप्नाचा भार मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांवर आहे. ऑक्सिजनविरहित, म्हणजे विनॉक्सी टाकीत राहून घाणीचे मिथेनमध्ये रूपांतर करणारे हे जीव तेल-तुपाच्या बाबतीत फार विचित्र वागतात. तेल हा त्यांच्यासाठी सर्वांत सकस आहार आहे आणि सर्वांत मोठा धोकाही तोच आहे. हे दुहेरी नाते समजून न घेता उभारलेला कोणताही प्रकल्प कागदावर जितका गॅस देतो, तितका प्रत्यक्षात देत नाही.

चार पाळ्यांचा कारखाना

विनॉक्सी टाकीला एखाद्या कारखान्याची उपमा दिल्यास वावगे ठरू नये. या कारखान्यात चार पाळ्या चालतात. पहिल्या पाळीतील जीवाणू मोठ्या रेणूंचे तुकडे करतात. भात-पोळीतील पिष्टापासून साखर, डाळ-मांसातील प्रथिनांपासून अमिनो आम्ले आणि तेल-तुपापासून ग्लिसरॉल व लांब साखळीची मेदाम्ले तयार होतात. दुसऱ्या पाळीत साखर, अमिनो आम्ले आणि ग्लिसरॉल आंबवून त्यांची छोटी आम्ले बनवली जातात. तिसऱ्या पाळीकडे जी आम्ले सहज फुटत नाहीत ती येतात. त्यांच्यापासून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचे आम्ल, आणि हायड्रोजन मिळतो. चौथी पाळी मिथेनजनकांची असते. हे जीव जीवाणूंहून वेगळ्या, 'आर्किया' नावाच्या कुळातील आहेत. त्यांपैकी काही ॲसेटिक आम्लापासून, तर काही हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन तयार करतात.

साखर किंवा पिष्ट यांच्या बाबतीत हा क्रम बऱ्याच अंशी सुरळीत चालतो. तेलाच्या बाबतीत अडचण निर्माण होते ती तिसऱ्या पाळीत. तेलाच्या रेणूचे तुकडे करण्याचे पहिले काम लायपेज नावाची विकरे झटपट उरकतात. मात्र त्यातून सुटलेली मेदाम्ले पुढे सरकण्याचा वेग अतिशय कमी असतो. पामतेलात भरपूर आढळणारे पामिटिक आम्ल हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या रेणूत सोळा कार्बन अणूंची साखळी असते. सिंट्रोफोमोनास व त्याच्या नात्यातील जीवाणू ही साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी कापत जातात. सात वेळा कापल्यावर पामिटिक आम्लाच्या एका रेणूतून ॲसेटिक आम्लाचे आठ आणि हायड्रोजनचे चौदा रेणू बाहेर पडतात.

येथेच निसर्गाने एक अट घातली आहे. आजूबाजूला हायड्रोजन साचलेला असेल, तर ही काटछाट करण्यात जीवाणूंना ऊर्जेचा काहीच लाभ होत नाही आणि काम थांबते. त्यामुळे शेजारी बसलेल्या मिथेनजनकांनी तो हायड्रोजन तयार होताक्षणी उचलून नेणे आवश्यक ठरते. म्हणजेच तिसरी पाळी चौथ्या पाळीवर अवलंबून असते आणि चौथी पाळी तिसरीने पुरवलेल्या मालावर जगते. एकमेकांना चिकटून राहण्याखेरीज दोघांनाही पर्याय नसतो. ही भागीदारी मोडली की पूर्ण कारखाना बंद पडतो.

सर्वांत जास्त गॅस, सर्वांत जास्त जोखीम

एवढी डोकेदुखी असताना तेल टाकीत घालावेच कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. सैद्धांतिक हिशेबानुसार एक किलो पिष्टमय पदार्थातून सुमारे ०.४ घनमीटर आणि प्रथिनांतून सुमारे ०.५ घनमीटर मिथेन मिळू शकतो. स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हाच आकडा एक घनमीटरच्या आसपास जातो. शिवाय तेलापासून मिळणाऱ्या वायूत मिथेनचे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात असते. पिष्टापासून मिळणाऱ्या वायूत ते निम्म्याच्या जवळपास राहते.

सोप्या भाषेत सांगायचे तर २० किलो तेल-चरबीचे पूर्ण पचन झाले, तर त्यातून मिळणारी उष्णता साधारण एका घरगुती गॅस सिलिंडरएवढी भरते. शहरातील भोजनालये, फरसाण व मिठाईचे कारखाने, दुग्धप्रक्रिया केंद्रे आणि मंगल कार्यालये यांतून मोऱ्यांत जाणारे तेल पाहिले, तर गटारातून अक्षरशः सिलिंडर वाहून जात आहेत, असे म्हणावे लागेल. या कारणामुळेच युरोप-अमेरिकेतील अनेक शुद्धीकरण केंद्रांनी हॉटेलांतील ग्रीस ट्रॅपमध्ये जमा होणारी चिकट मळी मुद्दाम विकत किंवा शुल्क आकारून घेण्यास आणि आपल्या डायजेस्टरमध्ये घालण्यास सुरुवात केली. बेताने दिलेल्या या खुराकामुळे गॅसचे उत्पादन लक्षणीय वाढल्याचा अनुभव आला. ज्यांनी हात सैल सोडला, त्यांच्या टाक्या आंबट पडल्या.

विषबाधा की गुदमरणे?

तेलामुळे टाकी नेमकी का बंद पडते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची तीन दशके गेली. जपानमध्ये १९८१ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत असे दिसले की मेदाम्ले टाकल्यावर मिथेननिर्मिती काही काळ ठप्प होते आणि नंतर पुन्हा सुरू होते. नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या मेदाम्लांची तुलना केली. त्यांत बारा कार्बनची साखळी असलेले, खोबरेल तेलात विपुल असणारे लॉरिक आम्ल विशेष घातक ठरले. त्या काळी सर्वमान्य झालेले स्पष्टीकरण विषबाधेचे होते. मेदाम्ले ही स्वभावाने साबणासारखी असतात. ती सूक्ष्मजीवांच्या आवरणाला चिकटतात, त्या आवरणाची बांधणी बिघडवतात आणि पेशीचा ऊर्जाव्यवहार कोलमडवतात. १९९० च्या दशकात तर काही संशोधकांनी हा परिणाम कायमचा असल्याचे मत मांडले. मिथेनजनक एकदा मेले की नव्याने वाढेपर्यंत वाट पाहण्याशिवाय गत्यंतर नाही, असा त्याचा अर्थ होता.

पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठातील संशोधनाने २००० नंतर या समजुतीला धक्का दिला. तेथील शास्त्रज्ञांनी तेलाने माखलेला, जवळपास निष्क्रिय झालेला गाळ घेतला आणि त्याला नवे खाद्य देणे बंद केले. काही काळानंतर त्या गाळाने आपल्या अंगाला चिकटलेली मेदाम्ले स्वतःच पचवून त्यांचे मिथेन केले. इतकेच नव्हे, तर नंतर त्याची कार्यक्षमता पूर्वीपेक्षा वाढलेली आढळली. याचा अर्थ सूक्ष्मजीव मेलेले नव्हते. तेलाच्या थराखाली ते गुदमरले होते. अन्न आत येण्याचा आणि वायू बाहेर पडण्याचा मार्ग त्या थराने अडवला होता.

विषबाधेचे मत पूर्णपणे खोटे ठरले, असे मात्र नाही. काही जाती अतिशय नाजूक असतात, काही चिवट असतात. मेदाम्लाचा प्रकार, गाळाचे प्रमाण, तापमान आणि तेलाची सवय यांवर परिणामाची तीव्रता ठरते. एवढे मात्र निश्चित, की एका लिटरमध्ये अमुक इतके मिलिग्रॅम तेल म्हणजे धोका अशी सर्व टाक्यांना लागू पडणारी एकच रेषा आखता येत नाही. भरपूर गाळ असलेली टाकी जे तेल सहज पचवते, त्याच तेलाने विरळ गाळ असलेली टाकी बंद पडू शकते.

शेतकऱ्याला ही बाब वेगळ्या रूपात परिचित आहे. गायीच्या पोटातील पहिला कप्पा हीसुद्धा एक विनॉक्सी टाकीच आहे. पशुखाद्यात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपलीकडे गेला की कोठीपोटातील सूक्ष्मजीव मंदावतात आणि वैरणीचे पचन बिघडते. सरकी पेंड मोजून घालावी लागते, त्यामागे स्निग्धांशाचा हा हिशेबही असतो. गायीच्या बाबतीत जे पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, ते कोट्यवधी रुपयांच्या टाकीच्या बाबतीत विसरले जाते, हा खरा विरोधाभास आहे.

गाळ तरंगतो तेव्हा

विषबाधा आणि गुदमरणे यांच्या जोडीला तिसरे संकट आहे, ते म्हणजे तरंगणे. तेल पाण्यापेक्षा हलके असते. ते गाळाच्या कणांना चिकटले आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकले की कण वर येतो व बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातो. वॅगेनिंगेन येथेच १९७० च्या दशकात गात्झे लेटिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'यूएएसबी' पद्धतीचा पायाच गाळाचे जड दाणे तळाशी टिकून राहण्यावर आधारलेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गंगा कृती योजनेतून कानपूरच्या जाजमऊ येथे ही पद्धत भारतात आली आणि पुढे अनेक शहरांत व कारखान्यांत पसरली. अशा टाक्यांत अनेकदा असे आढळते की मेदाम्लांचे प्रमाण विषारी पातळीला पोहोचण्याआधीच गाळ वाहून गेलेला असतो. कामगार जिवंत असतात, पण ते कारखाना सोडून गेलेले असतात.

यावर उपाय म्हणून कॅल्शियमचे क्षार टाकण्याची पद्धत आहे. कॅल्शियमशी मेदाम्लांचा संयोग होऊन न विरघळणारा साबण तयार होतो आणि विषारीपणा घटतो. तरंगण्याची समस्या मात्र त्याने सुटत नाही. उलट हाच कॅल्शियमचा साबण मलवाहिन्यांत साचला की दगडासारखा घट्ट होतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये सापडलेला सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा चरबीचा गोळा जगभर गाजला. तेथील गटारात जे घडले, त्याची छोटी आवृत्ती जेथे तळणीचे तेल मोरीत ओतले जाते, अशा कोणत्याही शहराच्या बाजारपेठेतील चेंबरमध्ये घडू शकते.

नागपूरची विशेष परिस्थिती

नागपूरच्या हवामानाचाही या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. विनॉक्सी सूक्ष्मजीवांना ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. त्या दृष्टीने विदर्भाचा उन्हाळा त्यांच्यासाठी वरदानच आहे. मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पामतेल आणि वनस्पती तूप अशा थंडीत गोठतात, वाहिन्यांना चिकटतात आणि टाकीवर पापुद्रा धरतात. त्याच काळात सूक्ष्मजीवांचा वेगही मंदावतो. नेमक्या याच महिन्यांत लग्नसराईचाही मोठा हंगाम असतो. एका मुहूर्ताला शहरातील शेकडो पंगती उठतात आणि एका रात्रीत तेलकट सांडपाण्याचा व उष्ट्याचा लोंढा येतो. दिवाळीच्या फराळाच्या काळातही हेच घडते. सूक्ष्मजीवांना तेलापेक्षा तेलाचा असा अचानक बसणारा धक्का अधिक सोसवत नाही.

हा धक्का विदर्भातील उद्योगांशीही निगडित आहे. सोयाबीन हे विदर्भाचे प्रमुख पीक झाल्यापासून तेल काढणे व शुद्ध करणे हा येथील महत्त्वाचा व्यवसाय बनला. तेल शुद्ध करताना त्यातील मोकळी मेदाम्ले वेगळी काढली जातात. म्हणजे जे रसायन टाकीतील सूक्ष्मजीवांना गुदमरवते, तेच येथे टाकाऊ म्हणून तयार होते. दूध व खाद्यप्रक्रिया उद्योगांच्या सांडपाण्यातही स्निग्धांश मोठा असतो. आणखी एक खास नागपुरी उदाहरण संत्र्याचे आहे. संत्र्याच्या सालीतील लिमोनिन हे सुगंधी तेल मेदाम्ल नव्हे. तरीही विनॉक्सी सूक्ष्मजीवांना ते रोखते, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे मंडईतील संत्र्याच्या साली आणि हॉटेलांतील तेलकट उष्टे एकाच दिवशी एकाच टाकीत मोठ्या प्रमाणात पडणे हितावह नाही.

या शहराला तज्ज्ञतेची वाण नाही, ही जमेची बाजू म्हटली पाहिजे. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झालेली आणि १९७४ मध्ये 'नीरी' हे नाव धारण केलेली राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. सांडपाण्यावरील देशातील संशोधनाचे हे प्रमुख केंद्र मानले जाते. महाराष्ट्रात या विषयाची परंपराही जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस मिळवून त्यावर दिवे लावल्याची नोंद आहे. अलीकडच्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' संयंत्र आणि डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या पुण्यातील संस्थेचे घरगुती बायोगॅस संयंत्र यांनी स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून गॅस मिळवण्याची वाट दाखवली. ज्ञान उपलब्ध आहे, परंतु प्रश्न ते मोरीपर्यंत पोहोचवण्याचा आहे.

नियम आहेत, साखळी नाही

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदी-नाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तेल व ग्रीसचे प्रमाण प्रतिलिटर १० मिलिग्रॅमपेक्षा आणि सार्वजनिक मलवाहिनीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. २० मिलिग्रॅम म्हणजे एका लिटर पाण्यात तेलाचा एखादा थेंब. तेलकट भांडी धुतलेले पाणी ग्रीस ट्रॅपशिवाय या मर्यादेत बसणे शक्य नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

वापरलेल्या तळणीच्या तेलाबाबतही नियम आहे. तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल अन्नासाठी वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्यासाठी 'रुको' हा उपक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हॉटेलवाल्याला तेल पुन्हा कढईत घालता येणार नाही आणि ते घेऊन जाणारी गाडीही दारात येणार नाही, अशी स्थिती असेल, तर ते तेल रात्री मोरीतच जाईल. आरोग्याचा नियम पाळताना सांडपाण्याचा नियम मोडला जाईल.

ग्रीस ट्रॅपचीही हीच गत आहे. परवानगी मिळवताना तो बसवला जातो. परंतु भरल्यावर साफ न केलेला ट्रॅप म्हणजे केवळ एक कुंड. त्यातून निघालेली मळी कुठे टाकायची, याची व्यवस्था नसेल, तर ती पुन्हा जवळच्या चेंबरमध्येच ओतली जाते. कडक गरम पाणी आणि साबण ओतून ट्रॅप 'मोकळा' करण्याची युक्ती तर सर्वत्र दिसते. तेल त्या क्षणी विरघळल्यासारखे दिसते, पण शंभर पावलांवर पाणी थंड झाले की पुन्हा गोठते. बाजारात मिळणारी 'तेल खाणारी' विकरांची पावडरही पूर्ण उत्तर नाही. लायपेज विकर तेलाचे तुकडे करते, पण त्यातून मेदाम्लेच मोकळी होतात. ती पचवणारे जीव त्या वेगाने काम करू शकत नसतील, तर संकट मोरीतून उचलून टाकीत नेऊन ठेवले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

उपाय मात्रेत आहे

मग करायचे काय? पहिला मुद्दा वेगळे काढण्याचा आहे. तळणीचे तुलनेने स्वच्छ तेल बायोडिझेलकडे गेले पाहिजे. तेथे त्याला अधिक भाव मिळतो. ग्रीस ट्रॅपमधील घाण मळी बायोगॅसच्या टाकीकडे गेली पाहिजे. मोरीकडे यांपैकी काहीच जाता कामा नये. भांडी धुण्याआधी खरकटे तेल पुसून घेणे, हा यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा मुद्दा गोळा करण्याचा. ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी घरोघरी गाडी जाऊ शकते, तर ग्रीससाठी बाजारपेठेत आठवड्यातून ठरावीक दिवशी स्वतंत्र गाडी का जाऊ नये? किती मळी उचलली आणि ती कुठे रिकामी केली, याची नोंद ठेवली, तर ट्रॅप प्रत्यक्षात वापरात आहे की नाही, हे निरीक्षकाशिवायही कळेल. मोठी हॉटेले, मंगल कार्यालये व कारखाने यांच्याकडून शुल्क घेणे न्याय्य ठरेल. मात्र हातगाडीवर तर्री-पोहे विकणाऱ्याकडून हजारोंचा ट्रॅप बसवून घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. अशांसाठी खाऊगल्लीत सामायिक ट्रॅप उभारणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा टाकी चालवण्याचा. तेलाचा खुराक थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवावा लागतो. तो शेण किंवा मैल्याचा गाळ यांच्याबरोबर मिसळून द्यावा लागतो, कारण त्यांच्यामुळे आम्लता सावरली जाते. टाकी सतत ढवळून वरचा पापुद्रा मोडावा लागतो. टाकीतील छोट्या आम्लांचे आणि क्षारतेचे गुणोत्तर रोज तपासणे गरजेचे असते. ते वाढू लागले की टाकी बिघडत असल्याची सूचना बरेच आधी मिळते. सामू घसरेपर्यंत थांबले, तर उशीर झालेला असतो.

आणि टाकी खरोखरच बंद पडली तर? अनेक ठिकाणी अशा वेळी टाकी रिकामी करून नव्याने शेण भरले जाते. त्यात कित्येक आठवडे, प्रसंगी महिने जातात. संशोधनाचा निष्कर्ष नेमका याच्या उलट सांगतो. खाद्य थांबवावे, ढवळत राहावे आणि वाट पाहावी. तेलाखाली दडपलेले सूक्ष्मजीव अनेकदा स्वतःच मार्ग काढतात. खाद्य आणि विश्रांती आलटून पालटून दिली, तर तेल पचवणाऱ्या जातींची संख्या वाढते आणि पुढचा धक्का टाकी अधिक सहजपणे सोसते. मात्र कंत्राटातील अटी रोज किती टन कचरा टाकला यावर मोबदला ठरवत असतील, तर चालक टाकीला विश्रांती देणार नाही. किती गॅस मिळाला आणि बाहेर पडलेला गाळ किती पचलेला होता, यांवर मोबदला ठरला, तरच विज्ञानाला व्यवहारात जागा मिळेल.

नदीच्या खालच्या अंगाला

हा प्रश्न केवळ गॅसच्या नफ्या-तोट्याचा असता, तर तो तंत्रज्ञांवर सोपवता आला असता. परंतु नाग आणि पिवळी नदीचे पाणी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा गोसेखुर्दच्या जलाशयाला. नागपूरचे सांडपाणी आपल्या पाण्यात येते, ही भंडारा जिल्ह्यातील नागरिकांची तक्रार अनेक वर्षांची आहे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जसाहाय्यातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची योजना मंजूर झाली असून तीत नवी शुद्धीकरण केंद्रे व शेकडो किलोमीटरच्या मलवाहिन्यांचा समावेश आहे. नव्या वाहिन्या टाकल्यावर आज नाल्यात पसरणारे तेल त्या वाहिन्यांतून थेट केंद्रात पोहोचेल. वाहिन्या चोक होणे किंवा केंद्रातील सूक्ष्मजीव मंदावणे, यांची किंमत अखेर खालच्या अंगाच्या गावांनाच मोजावी लागेल.

दोन हजार कोटींच्या योजनेत एका ग्रीस ट्रॅपची काय मातब्बरी, असे कोणाला वाटू शकेल. परंतु वाहिन्या आणि टाक्या पैशाने उभ्या राहतात. त्यांच्यातील सूक्ष्मजीव मात्र पैशाने काम करीत नाहीत, त्यांना मानवेल एवढेच ते पचवतात. सावजीची तर्री कमी करा, असे नागपूरकरांना कोणी सांगणार नाही आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. ताटात उरलेला तवंग मोरीत न ओतता वेगळा ठेवणे आणि तो उचलून नेणारी गाडी वेळेवर येणे, एवढीच अपेक्षा आहे. यांपैकी पहिली गोष्ट नागरिकांच्या हाती आहे आणि दुसरी महापालिकेच्या. दोन्ही एकाच वेळी घडल्याशिवाय भांडेवाडीच्या टाकीतून अपेक्षित गॅस मिळणार नाही आणि नाग नदीवरचा तवंगही हटणार नाही.